वन्सं, शर्ट कापला मी

वन्सं, कात्री सापडली.

तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून. कमाल आहे तुमची. मी आपली गादीखाली, देव्हाऱ्यामागे, तुमच्या औषधांच्या पिशवीत हुडकत होते, आणि रोज सकाळी त्याच डब्यातून वाटीनं तांदूळ काढत होते. आता एकटीला मूठभर पुरतो. डबा संपायची लक्षणं दिसेनात, किडे होतील म्हणून सगळा उपसून परातीत काढला, तेव्हा मिळाली.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल मी? वाजवली. रिकामी. कच् कच् कच्. "कात्री रिकामी वाजवू नको गं, घरात भांडणं होतात," असं तुम्ही म्हणायचात, आणि मी मुद्दाम तुमच्या कानाशी येऊन वाजवायचे. मग भांडण व्हायचंच. तुमचं म्हणणं खरं ठरायचं आणि माझी दुपार बरी जायची. काल बाहेरच्या खोलीत उभं राहून मी बराच वेळ वाजवली. काही झालं नाही. खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, तेवढंच.

नणंद-भावजय उभा जन्म एका घरात राहिल्या आणि दोघींपैकी एकीनंही दुसरीला बाहेर काढलं नाही, याचं आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना नवल वाटायचं. हे होते तोवर ठीक होतं, मधे पंच होता. तुमचा धाकटा भाऊ आणि माझा नवरा, दोघींच्या तक्रारी डोळे मिटून ऐकायचा आणि डबा उचलून सातपूरला शिफ्टला निघून जायचा. हे गेले तेव्हा मिलिंद म्हणाला, दोघी पुण्याला चला माझ्याकडे. तुम्ही त्याला म्हणालात, "तुझ्या आईला ने. मी इथंच बरी." मी म्हटलं, "आत्याला ने रे, मला जरा घर मोकळं मिळू दे." कोणीच गेलं नाही. मग काय, पंचवटीतल्या या दोन खोल्यांत आपण दोघी, आणि पंच नाही. सकाळी दूध कुणी तापवायचं इथून सुरुवात व्हायची.

पण शेवटचं भांडण, जे तुम्ही अर्धवट टाकून गेलात, ते एका शर्टावरून होतं. हे लोकांना सांगायची सोय नाही. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, शेवटी काय बोलल्या हो? मी म्हणते, काही नाही, शांतपणे गेल्या. आता त्यांना काय सांगू, की कॉलरबद्दल बोलल्या म्हणून?

तो शर्ट. निळा, बारीक पांढऱ्या रेघांचा. ह्यांच्या अंगावर तो कधी बसलाच नाही, ह्यांच्याभोवती नुसता उभा असायचा. त्याचं कारण तुम्ही. तुमची आई लवकर गेली, हे तेव्हा अर्ध्या चड्डीत, आणि घरातलं कापड आणणं, शिवायला टाकणं तुमच्याकडे आलं. तेव्हापासून टेलरला तुमचं एकच सांगणं, वाढत्या अंगाचा शिवा. पोर मोठं झालं, कामाला लागलं, त्याचं लग्न झालं, मिशा पिकल्या, तरी वाक्य तेच. स्वतः लग्न न करता बायकांचे ब्लाउज शिवून इतकी वर्षं काढलीत, पण पुरुषाचा शर्ट पुरुषानंच शिवायचा हा तुमचा नियम. म्हणून भावाला धरून सलीममास्तरांच्या दुकानात. मीही मागे यायचे, गंमत बघायला.

"ताई, साहेबांचं वय काय झालं आता?" सलीममास्तरांनी टेप गळ्यात अडकवत विचारलं होतं.

"का बरं?"

"नाही, वाढत्या अंगाचा म्हणता, म्हणून विचारलं. आता कुठल्या बाजूनं वाढणार ते?"

"पुढून वाढतील. रिटायर झाले की पोट सुटतं माणसाचं. तुम्ही माप घ्या."

हे दोन्ही हात पसरून उभे होते. म्हणाले, "अक्का, मास्तरांना सांग, तुम्ही दोघी पण मावाल असा शिवा. पावसात छत्री नको." तुम्ही त्यांच्या पाठीत धपाटा घातलात. तुमचा हात चाललाच असेल तर त्या पाठीवर, बाकी कुठे चालला नाही.

पोट काही सुटलं नाही. काडीसारखे होते, काडीसारखेच गेले. तेराव्यानंतर त्यांचे कपडे द्यायला काढले, तेव्हा हा एक शर्ट मी गुपचूप उशीच्या अभ्र्यात सरकवला. दोन दिवसांनी बघते तर अभ्रा रिकामा. तुम्ही तो काढून तुमच्या ट्रंकेत टाकला होता. मी ट्रंकेतून काढला. तुम्ही परत. शेवटी तो कपाटाच्या मधल्या खणात येऊन पडला, ना तुमच्या बाजूला ना माझ्या. तिथंच वर्षं काढली त्यानं. वर्षातून एकदा कोणीतरी ऊन दाखवायचं. दोरीवर वाळत असला की आपण दोघी कामाशिवाय गॅलरीत यायचो.

आणि मग सुट्टीत सई आली. नातीनं आजीच्या डोक्यात काही भरवू नये असा कायदा पाहिजे. "आजी, हे बघ," म्हणून तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक पोरगी, अंगात बापाचा घोळदार शर्ट. बघता बघता तिनं कॉलर उडवली, बाह्या कोपरावर आणून चुण्या घातल्या, बाजूनं आत घेतला, उरलेल्या कापडाची नाडी करून कमरेला बांधली, आणि झाला टॉप. दुकानात लटकवतात तसला. सई आपली गंमत दाखवून गेली पुण्याला. माझ्या डोक्यातून ते जाईना.

"तो निळा शर्ट काढते," मी म्हटलं.

"कशाला?"

"टॉप करते त्याचा."

"सईला?"

"मला."

तुम्ही चष्मा काढलात. "मंगल, सत्तरी आली तुझी."

"म्हणूनच घाई आहे."

"लोक हसतील गं."

"हसू देत की. आपल्या गल्लीत हसण्यासारखं दुसरं होतं काय?"

"त्याचा शर्ट आहे तो."

"माझ्या नवऱ्याचा आहे."

"माझ्या भावाचा आधी."

हे 'आधी' तुमचं हुकमाचं पान. मी तावातावानं कात्री आणायला गेले तर शिवणाच्या डब्यात कात्री नाही. मेन रोडवरून नवी आणली, तीही दुसऱ्या दिवशी गुल. मग भाजीची, मग नखं कापायची. शेवटी शेवटी दुधाची पिशवी मी दातानं फोडत होते, आणि तुम्ही समोर बसून चहाची वाट बघत होतात, चेहऱ्यावर रेघ हलू न देता.

शिवणकामात माझ्यावर तुमचा विश्वास नव्हता, हे मी समजू शकते. मला बघायला आला होतात तेव्हाची मंगल तुम्हाला आठवते का? मला आठवते, आणि आठवली की तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. अकरावीत गटांगळी खाल्लेली, पोळ्या नकाशासारख्या, पण तोरा असा की जणू पैठणी हिनंच विणली. "शिवणकाम येतं का?" तुम्ही विचारलंत. "हो, बाळंतविड्यापासून ब्लाउजपर्यंत सगळं," ही बया म्हणाली आणि पुरावा म्हणून एक रुमाल पुढे केला, त्यावर मोर. तो मोर शेजारच्या सुलूनं भरलेला. तुम्ही रुमाल उलटा करून गाठी दिसतात का ते पाहिलंत. एकही नव्हती. तुम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाला घालायला तुम्ही जांभळ्या खणाचं कापड माझ्यापुढे टाकलंत, "तूच शीव." आता नाही कसं म्हणणार? दार लावून बसले, मशीनशी झटापट केली, आणि बायका यायच्या तासभर आधी ब्लाउज तुमच्या हातात दिला. तुम्ही घातलात. डावा हात वर जाईना.

"मंगल, ही बाही कुठल्या हाताची?"

"उजव्या."

"आणि ही?"

"डाव्या."

"मग दोघी जुळ्या बहिणी का दिसतात?"

दोन्ही बाह्या उजव्या कापल्या होत्या बयेनं. एकावर एक कापड ठेवून, सुलट बाजू वर, दोनदा कात्री. मी भोकाड पसरलं. तुम्ही म्हणालात, "गप. पदर कशाला असतो?" पदर डाव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतलात आणि अख्खी दुपार तो हात अंगाशी चिकटवून बसलात. हळदीकुंकू मी लावत होते, वाण तुम्ही एका हातानं दिलंत. कोणी विचारलं, हात दुखतोय का हो, तर म्हणालात थंडीनं आखडलाय. आणि वर उजवा हात पुढे करकरून, "आमच्या नव्या भावजयीनं शिवलाय बरं का, फिटिंग बघा," म्हणून सगळ्यांना ती एक बाही दाखवत होतात.

दुसऱ्या दिवशी मला मशीनपुढे बसवलंत आणि जुन्या पातळाच्या फडक्यावर सरळ शिलाया मारायला लावल्यात. सरळ म्हणजे सरळ. वाकडी गेली की उसवायची. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणत होते ते इथं लिहीत नाही. पण त्या दुपारी तुम्ही हात अंगाशी धरून बसला होतात, याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. नणंदेला 'बरं केलंत हो' म्हणायचं म्हणजे माझ्या जिभेला पेटके यायचे. वाटायचं, आहेत की इथंच, म्हणू कधीतरी.

मंगल हे नावसुद्धा तुम्हीच टिकवलंत. लग्नात ताटातल्या तांदळात ह्यांनी माझं नाव शुभांगी लिहिलं. सगळ्यांनी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, "छान आहे, पण शुभांगी म्हणेपर्यंत दूध उतू जायचं. मंगलच बरं." ह्यांनी म्हटलं 'अगं', मिलिंदनं म्हटलं 'आई', सई 'आजी', दारावरच्या पाटीवर आणि गॅसच्या पावतीवर शुभांगी. मंगल म्हणणारं माहेरचं एकेक माणूस गेलं. परवा मी चहा टाकला, आणि 'मंगल, आलं घाल' असं स्वतःशीच म्हणून पाहिलं. नाही हो. ते दुसऱ्या खोलीतून यावं लागतं.

त्या दिवशी सकाळी आपण मटार सोलत होतो. तुम्ही दिवाणावर, मी खाली चटईवर. शर्टाचा विषय काही दिवस बंद होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कॉलरला हात लावू नकोस."

"बघू."

"बघू काय?"

"बघू म्हणजे बघू."

तुम्ही 'हूं' केलंत. मग जरा पडते म्हणालात, अंग जड वाटतंय. मी मटार फ्रीजमध्ये टाकले. चहाला उठवायला आले तेव्हा तुम्ही कुशीवर होतात, भिंतीकडे तोंड करून, रुसल्यावर झोपायचात तशा. म्हणून मी जरा मोठ्यानं कप वाजवला.

तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. आधी तुम्ही म्हणत होतात शर्टाला हात लावू नकोस. त्या दिवशी म्हणालात कॉलरला. म्हणजे बाकीचा शर्ट तुम्ही सोडून दिला होतात का मला? की कॉलरपासून नवीन भांडण काढायच्या बेतात होतात? मी 'बघू' म्हणण्याऐवजी 'का?' असं विचारलं असतं तर कळलं असतं. एका अक्षराचं काम. पण मला तुम्हाला चिडवायचं होतं.

दहाव्याला सगळे गंगेवर गेलो, रामकुंडाशी. तिथले कावळे किती मुरलेले, तुम्हाला माहीत आहे. भात ठेवायचा अवकाश, झडप घालतात. तुमच्या पिंडाकडे एक फिरकेना. समोरच्या पत्र्यावर ओळीनं बसून माना वाकड्या करून बघत होते नुसते. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल मनात, तर घरच्यांनी शब्द द्या." मिलिंद पुढे झाला, "आत्या, आईची काळजी करू नकोस, मी तिला पुण्याला नेतो." कावळा हलला नाही. मला वाटलं, शहाणा आहे. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, देवाची पूजा बंद पडू देणार नाही. तरी नाही. ऊन चढायला लागलं. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय बोलायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. 'शर्ट नाही कापणार.' एवढं म्हटलं की काम झालं असतं. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून निघालं, "कापणार आहे हो मी. अडवायचं तर या खाली."

कावळा आला. असा तरातरा आला की गुरुजींनी हात मागे घेतला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मिलिंदनं मला जवळ घेऊन विचारलं, "काय कबूल केलंस गं?" मी म्हटलं, "आमचं आमच्यात." तुम्ही चिडून आलात की कबूल होऊन, ते मात्र कावळ्याच्या तोंडावरून कळत नाही.

घरी आल्यावर सगळे हळव्या आवाजात बोलत होते. अक्कांना हे आवडायचं नाही, अक्कांना ते असं लागायचं. माणूस गेलं की त्याचं सगळं ऐकायची पद्धत आहे आपल्यात. तुम्ही जिवंत असताना तुमचं कोणी ऐकलं होतं? मिलिंदनं नाही, ह्यांनी नाही, मी तर नाहीच. आता तुमच्या फोटोला हार घालून सगळं तुमच्या मनाप्रमाणं करायचं, हे मला जमायचं नाही. मी निमूटपणे ऐकायला लागले म्हणजे तुम्ही संपलात. म्हणून सगळे पांगल्यावर मिलिंदलाही मी दोन महिन्यांची मुदत मागून परत पाठवला, आणि काल शर्ट काढला.

चटईवर पसरला. तुमच्या डब्यातला खडू घेतला. आधी बाजूची शिवण उसवायला घेतली, ब्लेडनं, टाका टाका करत. आणि वन्सं, शिवण उघडली तर आत चांगलं तीन बोटं कापड दुमडलेलं. पुढे वाढवायला म्हणून सलीममास्तरांनी ठेवलेली माया. तुमच्याच सांगण्यावरून असणार. बाहेरचा निळा धुऊन धुऊन पार विटलेला, आणि आतली पट्टी दुकानातून आता फाडून आणल्यासारखी, गडद, रेघा कोऱ्या पांढऱ्या. म्हणजे तो एवढा ढगळ शर्ट, आणि त्याच्या आत आणखी ढगळ व्हायची सोय! किती वाढायचं होतं हो ह्यांनी?

मी मोठ्यानं हसले. इतकी हसले की ब्लेड खाली ठेवावं लागलं. हसत हसत दिवाणाकडे वळले, "बघा, बघा तरी" म्हणायला. दिवाणावर तुमची गादी गुंडाळून ठेवलेली आहे. हसू तोंडावरच राहिलं. ते कुठं ठेवायचं असतं अशा वेळी, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मग सगळं पटापट केलं. बाजू आत घेतल्या, ती गडद पट्टी मुद्दाम बाहेर काढली, दोन्ही बाजूंना छान कड दिसते. बाह्या कोपरावर आणल्या, चुण्या घातल्या. उरलेल्या कापडाची नाडी. तुमचं मशीन अजून तसंच कुरकुरतं, पायडलला तेल घालायला झालंय. आणि कॉलर काढली. हो, काढली. उसवताना दिसलं, ती एकदा उलटवलेली होती. मानेशी घासून विरलेली बाजू आत घेऊन, धड बाजू वर आणून परत शिवलेली. ते टाके मशीनचे नाहीत. बारीक, हातचे, एकसारखे. ते कोणाचे हे मला विचारायची गरज नाही, सरळ म्हणजे सरळ. दुमडून खिडकीत ठेवली आणि पुढे गेले. थांबले असते तर काही खरं नव्हतं.

संध्याकाळी टॉप अंगात घालून आरशापुढे उभी राहिले. आणि गळा घसरला. उजव्या खांद्यावर नीट करावा तर डाव्यावरून उतरतो. डावा सावरावा तर उजवा. कॉलर गेल्यावर त्या शर्टाला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

खाली प्रियंकाला दाखवायला गेले. नवीन लग्न झालेली पोरगी, गोड आहे. "अय्या आजी, किती क्यूट! हल्ली असाच घालतात, खांद्यावरून पडलेला." समोरच्या काकू म्हणाल्या छान. मिलिंदला फोनवर दाखवला, तो म्हणाला, "वा आई, मस्त. मन रमवतेस हे फार चांगलं." सईनं बदामच बदाम पाठवले. सगळ्यांना छान वाटतं, वन्सं. तुम्ही गेल्यापासून माझं सगळंच सगळ्यांना छान वाटायला लागलंय. परवा प्रियंकाला दिलेल्या आमटीत मीठ विसरले होते, तीही छान होती. मला एक माणूस पाहिजे, जे दारातून माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, "हे काय ध्यान? गळा आहे की गावाची वेस?"

घसरलेला गळा धरून मी आरशापुढे बसले आणि तेव्हा डोक्यात आलं. कॉलरला हात लावू नकोस, हे तुम्ही कशासाठी म्हणालात? भावाची मान तिथं घासली होती म्हणून? तुमचे टाके होते म्हणून? की कॉलर काढली तर एवढा मोठा गळा खांद्यावर राहायचा नाही, हे तुम्हाला मटार सोलता सोलता दिसलं होतं म्हणून? पहिली दोन कारणं असतील तर तुम्ही शेवटपर्यंत नाहीच म्हणत होतात. पण तिसरं असेल, तर तुम्ही मनात तो टॉप कापायला घेतला होता. माझ्या बाजूला येऊन बसला होतात, आणि मला ते कळलं नाही. मी 'बघू' म्हटलं.

आता कोणाला विचारू? सांगा ना. तुम्ही हो म्हणून गेलात की नाही म्हणून गेलात?

असो. सकाळपासून कॉलर परत लावायला बसले आहे. हरले, लिहून देते. सपाट ठेवून जमेना, बाजू आत घेतल्यामुळे खांदे हलले आहेत, अंगावरच लावायला हवी. म्हणून टॉप घातला, कॉलर मानेभोवती फिरवली, पुढची दोन्ही टोकं बटणपट्टीशी जुळवून टाचली. ते जमलं. पण मागचा मध्य आरशात दिसत नाही. हात मागे नेला तर कापडाची कड हाताला लागते, कॉलरची लागत नाही. दोन्ही एकदम धरायला मला हात पुरत नाहीत. खाली जाऊन प्रियंकाला सांगता येईल, ती धरेल, आणि कुठंही टाचून छान म्हणेल.

मी टाचणी बोटांत धरली. "वन्सं, मागून जरा धरा हो," म्हटलं, आणि मान खाली घालून थांबले.